सही न करता केलेला करार

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपला एक रिसर्च पेपर हवा होता. हॉस्टेलवर लिंक उघडली की पेपरचं नाव दिसायचं, लेखक दिसायचे, सात-आठ ओळींचा सारांश दिसायचा आणि त्याखाली डॉलरमधली किंमत. तीच लिंक लायब्ररीतल्या कोपऱ्यातल्या पीसीवर उघडली की अख्खी पीडीएफ धाडकन समोर! हॉस्टेल ते लायब्ररी अंतर फार तर चारशे पावलं. "आयपी रेंजचा लोचा आहे रे" एवढं म्हणून आम्ही विषय संपवला आणि पेन ड्राइव्ह घेऊन लायब्ररीत जाऊन बसलो.

उत्तर बरोबर होतं, पण अर्धंच. कुठली रेंज चालेल, 'अधिकृत वाचक' कुणाला म्हणायचं, त्याने किती उतरवून घ्यायचं, दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राला पाठवायचं की नाही, हे सगळं एका करारात लिहिलेलं असतं. तो करार मी कधी पाहिला नव्हता. तुम्हीही पाहिला नसेल. आपण रोज 'आय ॲग्री' वर न वाचता टिचकी मारणारी माणसं, लायब्ररीचा करार कशाला वाचतोय!

गेले दोन-तीन वीकेंड मात्र मी याच करारांच्या मागे लागलो होतो. त्यात एक गोष्ट सापडली, ती मला भलतीच आवडली. २००८ साली काही ग्रंथपाल आणि प्रकाशकांनी मिळून ठरवलं की दरवेळी करार करायलाच नको. म्हणजे पैसे द्यायचे, जर्नल वाचायचं, पण लायसन्सवर सही कुणीच करायची नाही. हे वाचून मी आधी हसलो. मग वाटलं, थांबा, ह्यात काहीतरी शहाणपणा दिसतोय. तो समजून घ्यायचा तर आधी शंभर वर्षं मागे जायला लागेल.

एक डॉलरची कादंबरी

अमेरिकेत बॉब्स-मेरिल नावाचे प्रकाशक होते. त्यांनी हॅली एर्मिनी राइव्ह्ज या लेखिकेची 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली आणि आत कॉपीराइटच्या सूचनेखाली छापलं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकायला परवानगी नाही, कुणी विकलं तर तो कॉपीराइटचा भंग समजू. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ते खुशाल ८९ सेंटला विकायला काढलं. दुकान स्ट्रॉस बंधूंचं. (त्यातले इसिडोर स्ट्रॉस पुढे १९१२ मध्ये टायटॅनिकवर गेले, ते हेच.) प्रकरण कोर्टात गेलं आणि १९०८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. नव्या प्रती काढायचा हक्क प्रकाशकाचा. पण एकदा विकलेली प्रत पुढे कुणी कितीला विकावी, हे ठरवायचा हक्क कॉपीराइटमध्ये येत नाही.

आता नीट बघा, प्रकाशकाने पुस्तकात छापलेली ती सूचना म्हणजे काय होतं? चक्क एक लायसन्स ॲग्रीमेंट. 'हे पुस्तक उघडलंत म्हणजे तुम्हाला अटी मान्य आहेत' टाइपचं. कोर्ट म्हणालं, असं चालणार नाही.

ह्यालाच पुढे पहिल्या विक्रीचं तत्त्व म्हणायला लागले आणि १९०९ मध्ये ते अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातही आलं. आपला कायदा वेगळा, पण विचार तोच. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात सेकंड हँड पुस्तक घेताना प्रकाशकाची परवानगी आणा असं कुणी म्हणत नाही. लायब्ररीचंही तसंच. पुस्तक विकत आणायचं, शिक्का मारायचा, कार्ड चिकटवायचं, आणि मग ते शंभर जणांना द्या नाहीतर पन्नास वर्षं ठेवा. प्रकाशकाशी एक ओळीचाही पत्रव्यवहार नाही. ग्रंथालय नावाची सगळी इमारत ह्याच एका विटेवर उभी आहे, आणि ती वीट आहे हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

झेरॉक्स आलं

पहिला धक्का बसला तो फोटोकॉपीने. १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे मशीन आलं आणि लायब्ररीत बसून लेखाची प्रत काढणं पोरखेळ झालं. आता विकलेली प्रत पुढे देण्याचा प्रश्न नव्हता, नव्या प्रती निघत होत्या. विल्यम्स अँड विल्किन्स या वैद्यकीय प्रकाशकाने थेट अमेरिकन सरकारवर खटला भरला, कारण सरकारी नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन जर्नलमधल्या लेखांच्या प्रती संशोधकांना काढून देत होती. १९७३ मध्ये खालच्या कोर्टात सरकार जिंकलं. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायाधीश ४ विरुद्ध ४ असे बरोबर अर्धे अर्धे झाले! बरोबरी झाली म्हणून खालचा निकाल कायम राहिला, पण तत्त्व काय ते कुणालाच कळलं नाही.

मग १९७६ मध्ये नवा कॉपीराइट कायदा आला. त्यात लायब्ररीने काही प्रती काढायला हरकत नाही, पण वर्गणी भरण्याऐवजी प्रतीच मागवत राहायच्या नाहीत, अशा अर्थाचं लिहिलं होतं. म्हणजे नक्की किती? कायद्यात आकडा नव्हता. शेवटी काँटू नावाच्या आयोगाने लेखक, प्रकाशक, ग्रंथपाल सगळ्यांशी बोलून एक अंदाज दिला: एका लायब्ररीने एका नियतकालिकाच्या गेल्या पाच वर्षांतल्या अंकांमधून वर्षाला पाच लेखांपर्यंत प्रती दुसऱ्या लायब्ररीकडून मागवायला हरकत नाही. सहावी लागली तर रीतसर परवानगी घ्या, नाहीतर सरळ वर्गणी भरा.

गंमत म्हणजे हा काही कायदा नव्हता. कुणी कुणाशी करार केला नव्हता. तरी अमेरिकेतल्या लायब्ररी वर्षानुवर्षं तो पाचाचा नियम पाळत आल्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कपाट रिकामं

१९९१ मध्ये एल्सव्हिअरने काही अमेरिकन विद्यापीठांबरोबर एक प्रयोग सुरू केला: चाळीसेक जर्नल्सची पानं स्कॅन करून विद्यापीठांच्या नेटवर्कवर द्यायची. प्रयोगाचं नाव ट्युलिप. कंपनी डच, त्यामुळे मला वाटलं फुलावरून ठेवलं असेल. तर त्या अक्षरांचा पूर्ण अर्थ निघाला 'द युनिव्हर्सिटी लायसन्सिंग प्रोग्रॅम'! म्हणजे पाळण्यातच पाय दिसत होते. विक्री हा शब्द गेला होता, लायसन्सिंग आलं होतं.

१९९५ नंतर जर्नल्स भराभर वेबवर यायला लागली. आता फरक असा झाला की लायब्ररीच्या कपाटात काहीच येत नव्हतं. लेख प्रकाशकाच्या सर्व्हरवर, लायब्ररीला मिळायचा तो फक्त आत यायचा पास. प्रतच विकली नाही तर पहिल्या विक्रीचं तत्त्व लागू कशाला करणार? त्यामुळे पूर्वी जे आपोआप मिळत होतं ते सगळं आता करारात मागून घ्यायला लागलं. बाहेरचा माणूस लायब्ररीत येऊन वाचू शकतो का? दुसऱ्या लायब्ररीला लेख पाठवता येईल का? वर्गणी बंद केली तर ज्या वर्षांचे पैसे आधीच भरलेत ते जुने अंक दिसतील का? छापील अंकाच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस वेडा ठरला असता. कपाटातला अंक कोण काढून नेणार?

आणि लायसन्स हे साधन आलं कुठून? तर आपल्याच धंद्यातून. सॉफ्टवेअरच्या खोक्याला गुंडाळलेलं प्लॅस्टिक फाडलं की अटी मान्य, हा आमचाच शोध. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग असा एक खटला झाला. एका माणसाने टेलिफोन डिरेक्टरीची सीडी विकत घेतली आणि त्यातली माहिती वेबवर टाकली. नावं आणि फोन नंबर ह्यांवर कॉपीराइट नसतो, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलं होतं. पण सीडीबरोबर लायसन्स होतं, ते बंधनकारक आहे असा निकाल अपील कोर्टाने दिला. थोडक्यात, कॉपीराइट कायदा ज्याला हात लावत नाही तेही करार अडवू शकतो. १९०८ मध्ये पुस्तकात छापलेली सूचना हरली होती. ८८ वर्षांनी खोक्यातली सूचना जिंकली.

प्रत्येकाचा करार वेगळा

इथून पुढचा भाग ऑफिसमध्ये कधी व्हेंडर काँट्रॅक्टच्या मेलमध्ये सीसीमध्ये राहिलेल्यांना लगेच कळेल. प्रत्येक प्रकाशकाचा स्वतःचा करार. कुणाचा दोन पानी, कुणाचा वीस. प्रत्येकात 'अधिकृत वाचक' ची व्याख्या वेगळी. त्यात अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांची आणखी एक अडचण होती. करारात लिहिलेलं असायचं की वाद झाला तर आमच्या राज्याचा किंवा आमच्या देशाचा कायदा लागू. आणि वाचकाने गैरवापर केला तर नुकसानभरपाई विद्यापीठाने द्यायची. अशा कलमांवर सही करायला कित्येक सरकारी विद्यापीठांना त्यांच्याच राज्याचा कायदा मनाई करतो. मग ते कलम खोडायचं, प्रकाशकाकडे पाठवायचं, त्यांच्या वकिलाने पुन्हा घालायचं, इकडच्या वकिलाने पुन्हा खोडायचं... आणि हे सगळं कशासाठी? तर कधी कधी वर्षाला काहीशे डॉलरच्या जर्नलसाठी. वकिलाचे तास मोजले तर जर्नलपेक्षा करार महाग. तिकडे विद्यार्थी वाट बघतोय.

छोट्या प्रकाशकांचे हाल तर वेगळेच. एखाद्या विषयाची जुनी संस्था, एकच जर्नल, ऑफिसात मोजकी माणसं. त्यांच्याकडे वकील कुठून येणार? पण मोठे लोक लायसन्स मागतात म्हणून आपणही मागायचं, आणि लायब्ररीने दुरुस्त्या पाठवल्या की डोक्याला हात लावून बसायचं.

ह्यावर इंजिनिअरला सुचेल तेच त्यांनाही सुचलं. टेम्प्लेट करा! १९९७ च्या सुमारास येल विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या अ‍ॅन ओकर्सन यांनी लिबलायसन्स हा प्रकल्प सुरू केला. करारातलं प्रत्येक कलम म्हणजे काय, ग्रंथपालाने कुठे अडून बसावं, हे साध्या भाषेत समजावलेलं. पुढे प्रश्नांची उत्तरं भरली की कराराचा मसुदा तयार करून देणारं एक सॉफ्टवेअरही त्यांनी काढलं. (हे वाचून मला अगदी आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखं झालं!) मार्च १९९८ मध्ये लायब्ररींच्या गटांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयकॉल्कने, आम्हाला करारात काय हवंय ह्याचं जाहीर निवेदन काढलं. १९९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन कॉक्स यांनी वर्गणी एजंट कंपन्यांच्या मदतीने नमुना करार तयार केले. एकट्या विद्यापीठासाठी वेगळा, विद्यापीठांच्या गटासाठी वेगळा, सार्वजनिक वाचनालयासाठी वेगळा, कंपन्यांच्या लायब्ररीसाठी वेगळा.

ह्या सगळ्याचा फायदा नक्की झाला. वाद कशावर आहे ते तरी दोन्ही बाजूंना एकाच भाषेत कळायला लागलं. पण टेम्प्लेटचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. प्रत्येक जण कॉपी करतो आणि आपल्यापुरते चार बदल करतो. झाला फोर्क. वाटाघाटी चालूच. नमुना चांगला असला तरी शेवटी तो करारच, आणि करार म्हटला की वकील आला.

मग सहीच नको

नायसो ही अमेरिकेतली ग्रंथालयं आणि प्रकाशन व्यवहाराची मानकं ठरवणारी संस्था. लायब्ररींचे कॅटलॉग एकमेकांशी बोलतात तो झेड ३९.५० प्रोटोकॉल त्यांचाच. त्यांच्याकडे एक गट बसला. संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेच्या कार्ला हान आणि सल्लागार ज्युडी लूथर ह्या दोघी अध्यक्ष, बरोबर प्रकाशक आणि ग्रंथपाल दोन्हीकडचे लोक. त्यांनी प्रश्नच उलटा विचारला. करार सोपा कसा करायचा हे बाजूला ठेवा, मुळात करार लागतो कशाला? इतकी वर्षं लायसन्स करून झाली. त्यात खरोखर भांडणं किती झाली? बहुतेक लायब्ररी नीट वागतात, बहुतेक प्रकाशक नीट सेवा देतात, आणि दोघांच्या डोक्यावर कॉपीराइट कायदा आहेच. मग ज्यावर आपलं आधीच एकमत आहे तेवढंच एका कागदावर लिहून ठेवलं तर?

तो कागद म्हणजे सेरू. २००७ मध्ये मसुदा वापरून पाहिला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध झाला. लांबी काही मोजकी पानं. भाषा वकिली नाही, साधी. अधिकृत वाचक कोण? संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, आणि लायब्ररीत प्रत्यक्ष येऊन बसलेला कुणीही. काय चालणार नाही? स्क्रिप्ट लावून घाऊक डाउनलोड करणं. वाचकाची माहिती खाजगी ठेवायची. सर्व्हर चालू ठेवायचा वाजवी प्रयत्न प्रकाशकाने करायचा. वर्गणी थांबली तरी पैसे भरलेल्या वर्षांचे अंक वाचायला मिळावेत. कुठल्या राज्याचा कायदा, कुणी किती भरपाई द्यायची, ही कलमं त्यात नाहीतच!

वापरायचं कसं? दोघांनी नायसोच्या यादीत नाव नोंदवायचं आणि व्यवहाराच्या वेळी पर्चेस ऑर्डरवर लिहायचं की ह्या खरेदीला सेरू लागू. संपलं. सही नाही, वकील नाही. छापील अंक मागवण्याइतकं सोपं. आणि नको असेल तिथे जुन्या पद्धतीने लायसन्स करायला दोघंही मोकळे.

आपल्या भाषेत सांगायचं तर सेरू म्हणजे डिफॉल्ट सेटिंग. शंभरातल्या नव्वद जणांना जे लागतं ते आधीच भरून ठेवायचं, वेगळं हवं असेल त्यानेच फाइल उघडावी. आणि इतिहासाच्या भाषेत सांगायचं तर तो त्या पाचाच्या नियमाचा नातू. कायदाही नाही, करारही नाही, दोन्ही बाजूंनी पाळलेला समजूतदारपणा.

पण...

हो, पण आहेच. २०१२ मध्ये सेरू सुधारून त्यात ई-बुकं वगैरे घेतली गेली. त्याच्या एकच वर्ष आधी ई-बुकांच्या जगात काय झालं बघा. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने जाहीर केलं की लायब्ररीने घेतलेलं आमचं ई-बुक २६ वेळा वाचकांना दिलं की संपलं, पुन्हा पैसे भरा. दोन-दोन आठवड्यांसाठी दिलं तर २६ वेळा म्हणजे साधारण एक वर्ष. कारण काय, तर छापील पुस्तकही झिजतंच की! ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी ह्यावर एक व्हिडिओ काढला. हार्परकॉलिन्सचीच छापील पुस्तकं कपाटातून काढून दाखवली, २६ पेक्षा कितीतरी जास्त वेळा दिलेली आणि अजून धडधाकट. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅकमिलनने नवीन ई-बुकाची पहिले आठ आठवडे प्रत्येक लायब्ररी व्यवस्थेला एकच प्रत, असा नियम लावला. लायब्ररींनी बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये तो मागे घेतला गेला.

ह्यातून एक गोष्ट साफ दिसते. सेरू चालतं कुठे? जिथे दोन्ही बाजूंना साधारण तेच हवंय, आणि भांडण फक्त कागदामुळे होतंय तिथे. जिथे हितच वेगळं आहे, मोठा पैसा आहे, तिथे कागद कितीही साधा करा, भांडण राहणारच. '२६ वेळा' हे कलम अगदी सोपं आहे, शाळकरी पोरालाही कळेल. सोपं म्हणजे न्याय्य नव्हे. सेरूची हुशारी छोट्या भाषेत नव्हतीच. कुठे विश्वास आधीच आहे हे ओळखून तिथून वकिलाला सुट्टी देणं, आणि त्याचा वेळ खऱ्या भांडणासाठी राखणं, ही ती हुशारी.

आता परत आपल्याकडे. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ ह्या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० हून जास्त संस्था, सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. प्रत्येक कॉलेजने वेगळा करार करण्यापेक्षा देशाने एकदाच करायचा. करार सोपे करण्याचा हाही एक रस्ताच, आणि अंदाजपत्रक बघून जर्नल्स कापणाऱ्या एखाद्या जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजसाठी फारच मोठा.

पण १ जानेवारी २०२५ ला योजना सुरू झाली ती पहिल्या टप्प्यात सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि सरकारी संशोधन संस्थांसाठी. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्यांना सांगायला नको, आपल्यातले किती जण खाजगी कॉलेजांतून बाहेर पडलो. मीही त्यातलाच. म्हणजे शेवटी सगळा खेळ येऊन थांबला तो त्याच जुन्या कलमाशी: 'अधिकृत वाचक' कोण? सेरूने त्या कागदावर लायब्ररीत येऊन बसलेल्या कुणालाही जागा दिली होती. ओळखपत्र कुठल्या संस्थेचं, हे विचारलं नव्हतं.

आमची ती चारशे पावलं मला आता जरा वेगळी आठवतात. आम्हाला वाटायचं मधे नेटवर्क आहे. मधे एक वाक्य होतं, कुणीतरी लिहिलेलं. लिहिलेलं वाक्य बदलता येतं, हे त्या ग्रंथपालांनी २००८ मध्ये करून दाखवलंय. फक्त आधी ते कुणीतरी वाचायला हवं.

असो. उद्या सोमवार. ऑफिसात एक नवीन टूल इन्स्टॉल करायचंय, त्याचं लायसन्स ह्या वेळी वाचणार आहे. निदान पहिलं पान तरी :-)